पहिला क्रमांक दर आठवड्याला का बदलतो? २००७ च्या हंगामाच्या आधाराने एक उत्तर

मुलगा ओहायोत शिकायला गेल्यापासून आपणही पुण्याहून अमेरिकी कॉलेज फुटबॉल पाहू लागला आहात. आपले तीन प्रश्न आहेत. एखादा संघ सामना जिंकूनही क्रमवारीत खाली कसा जातो? दुसरा संघ त्या आठवड्यात मैदानावर न उतरताही वर कसा चढतो? आणि नोव्हेंबर उजाडल्यावर शेवटी पहिल्या क्रमांकावर कोण राहील, हे जाणकाराला सांगता येते का? मी अमेरिकेत संख्याशास्त्र शिकलो आणि गेली अनेक वर्षे याच खेळातील संघांच्या गुणांकनाची गणिते करतो. त्यामुळे या प्रश्नांचे उत्तर माझ्या कामातूनच देण्याचा प्रयत्न करतो.

मला वाटते, या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. आपण ही क्रमवारी आयपीएलच्या गुणतालिकेसारखी वाचता आहात. गुणतालिकेत जिंकलेल्याला ठरलेले गुण मिळतात, न खेळलेल्याला काहीच मिळत नाही, आणि वर-खाली होण्याचे कारण बेरीज करून दाखवता येते. कॉलेज फुटबॉलची राष्ट्रीय क्रमवारी मात्र सुरुवातीपासून मतांची क्रमवारी आहे. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडापत्रकारांची मते घेते. आज प्रत्येक मतदार २५ संघांची यादी देतो, यादीतल्या पहिल्या संघाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत शेवटच्याला १ गुण मिळतो आणि सगळ्यांची बेरीज होते. त्यामुळे एखाद्या संघाचे स्थान त्याने शनिवारी काय केले एवढ्यावर ठरत नाही. त्याच्या आसपासच्या संघांनी काय केले, आणि त्या सगळ्यांविषयी मतदारांच्या मनात आधीपासून काय होते, यावरही ते ठरते.

आपण नेमकी कोणती क्रमवारी पाहता, यावरही उत्तर अवलंबून आहे. असोसिएटेड प्रेसची यादी हंगामात रविवारी दुपारी येते, म्हणजे भारतात रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास. तिला मान मोठा असला तरी विजेतेपदाच्या सामन्यात कोण खेळणार हे आज ती ठरवत नाही. १९९८ ते २०१३ या काळात बीसीएस नावाची पद्धत पहिले दोन संघ निवडून त्यांचा अंतिम सामना लावत असे. २०१४ पासून एक निवड समिती चार संघ निवडू लागली, आणि २०२४ पासून ती बारा संघांची क्रमवारी लावून बाद फेरी घेते. पद्धत बदलली की शर्यतीचा अर्थही बदलतो; म्हणूनच जुन्या हंगामांविषयीची विधाने आजच्या हंगामाला जशीच्या तशी लागू करू नयेत.

आता मतांची गरज मुळात का पडते, ते पाहू. सर्वोच्च गटात सुमारे १२० संघ असत, आता १३० हून अधिक आहेत, आणि नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारण बाराच सामने खेळतो. १२० संघांच्या ७,१४० जोड्या होतात. बारा सामन्यांच्या हिशेबाने प्रत्यक्षात फार तर ७२० सामने होतात. म्हणजे दहातल्या नऊ जोड्या एकमेकींसमोर कधीच येत नाहीत. त्यातही बहुतेक सामने आपापल्या प्रादेशिक कॉन्फरन्समधले, म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या समूहातले असतात, त्यामुळे एका कॉन्फरन्सची ताकद दुसरीशी जोडून पाहायला सप्टेंबरमधले थोडेसेच सामने हाती राहतात. पुरावा इतका विरळ असला की आधीच्या समजुतीला वजन येणे अपरिहार्य आहे. माझ्या स्वतःच्या गणितातही हंगामाच्या आरंभी मागील वर्षांच्या कामगिरीला मोठा वाटा द्यावा लागतो आणि सामने होत जातील तसा तो कमी करावा लागतो. मतदार हेच करतात. फक्त त्यांच्या मनातला वाटा किती वेगाने कमी होतो, हे कोणी मोजलेले नसते.

हे सगळे एकाच हंगामात स्पष्ट पाहायचे असेल तर २००७ चा हंगाम पाहावा. मी तेव्हा संख्याशास्त्राचा विद्यार्थी होतो, आणि दर रविवारी आपली तक्ते भरलेली वही घेऊन बसत असे. त्या हंगामाने मला जे शिकवले ते नंतरच्या वर्षांत पुस्तकांतूनही मिळाले नाही.

पहिल्याच शनिवारी, १ सप्टेंबरला, पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर अ‍ॅपलॅशियन स्टेटने ३४–३२ असे हरवले. अ‍ॅपलॅशियन स्टेट हा खालच्या गटातला संघ होता, आणि मिशिगनचा शेवटचा फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथाडून गुण मिळवण्याचा प्रयत्न, त्यांनी अडवला तेव्हा सामना संपला. पुढच्या यादीत मिशिगन पहिल्या पंचवीसमध्येच नव्हता. ही घसरण एका पराभवाची शिक्षा म्हणून फार मोठी वाटते. पण तो पराभव हाच मिशिगनविषयी त्या वर्षीचा एकमेव पुरावा होता, हे लक्षात घेतले की मतदारांचे वागणे समजते.

हंगामापूर्वी पहिल्या क्रमांकावर सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ होता, ज्याला सगळे यूएससी म्हणतात. तो सप्टेंबरअखेर वॉशिंग्टनविरुद्ध २७–२४ असा जेमतेम जिंकला आणि त्याच आठवड्यात लुईझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू, त्याच्या पुढे गेला. आपल्या पहिल्या प्रश्नाचे हे सरळ उदाहरण आहे. यूएससी जिंकला होता, पण मतदारांना त्याच्याकडून जेवढी अपेक्षा होती तेवढे त्याने दाखवले नाही. पुढच्याच शनिवारी, ६ ऑक्टोबरला, स्टॅनफर्डने यूएससीला त्यांच्या घरच्या मैदानावर २४–२३ असे हरवले. सट्टेबाजारात स्टॅनफर्डला तब्बल ४१ गुणांनी मागे धरले होते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, त्या दिवशी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता.

त्यानंतरचा क्रम आजही मला तोंडपाठ आहे. १३ ऑक्टोबरला पहिल्या क्रमांकाचा एलएसयू केंटकीकडून तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या तिसऱ्या जादा डावात, ४३–३७ असा हरला. त्याच रात्री दुसऱ्या क्रमांकाच्या कॅलिफोर्नियाला पहिल्या स्थानावर जाण्याची संधी होती, आणि तो ओरेगन स्टेटकडून ३१–२८ असा हरला. मग ओहायो स्टेट पहिला आणि साउथ फ्लोरिडा दुसरा झाला. साउथ फ्लोरिडाच्या फुटबॉल संघाला तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. पाचच दिवसांत, १८ ऑक्टोबरला, रटगर्सने त्याला ३०–२७ असे हरवले. दुसऱ्या स्थानावर आलेला बॉस्टन कॉलेज ३ नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटकडून २७–१७ असा हरला. १० नोव्हेंबरला ओहायो स्टेट घरच्या मैदानावर इलिनॉयकडून २८–२१ असा हरला आणि एलएसयू पुन्हा वर आला. १५ नोव्हेंबरला दुसऱ्या क्रमांकाच्या ओरेगनचा क्वार्टरबॅक डेनिस डिक्सन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि ॲरिझोनाने तो सामना ३४–२४ असा जिंकला. २३ नोव्हेंबरला एलएसयू आर्कन्सॉकडून पुन्हा तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये ५०–४८ असा हरला, आणि दुसऱ्याच दिवशी कॅन्सस सिटीत दुसऱ्या क्रमांकाच्या कॅन्ससला मिझुरीने ३६–२८ असे हरवले.

आता मिझुरी पहिला आणि वेस्ट व्हर्जिनिया दुसरा होता, आणि दोघांचा प्रत्येकी एकच सामना उरला होता. १ डिसेंबरला ओक्लाहोमाने मिझुरीला ३८–१७ असे हरवले. वेस्ट व्हर्जिनियासमोर घरच्या मैदानावर पिट्सबर्ग होता, ज्याने तोवर अकरापैकी सात सामने गमावले होते. पिट्सबर्ग १३–९ असा जिंकला. ६ ऑक्टोबर ते १ डिसेंबर या नऊ आठवड्यांत दुसऱ्या क्रमांकाचा संघ सात वेळा हरला आणि पहिल्या क्रमांकाचा चार वेळा. तीन वेळा दोघेही एकाच शनिवार-रविवारच्या आसपास हरले, त्यातले दोन प्रसंग सलग शेवटच्या दोन आठवड्यांतले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच काळात दडलेले आहे. ओहायो स्टेट इलिनॉयकडून हरल्यावर खाली गेला, १७ नोव्हेंबरला त्याने मिशिगनला १४–३ असे हरवले, आणि तिथे त्याचा नियमित हंगाम संपला. त्याच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे बिग टेनमध्ये, तेव्हा विजेतेपदाचा वेगळा सामना नव्हता. तो २०११ मध्ये सुरू झाला. पुढचे दोन आठवडे ओहायो स्टेटने एकही चेंडू फेकला नाही, आणि वरचे संघ एकामागून एक हरत गेल्याने २ डिसेंबरच्या यादीत तो थेट पहिला झाला. लवकर हरणे आणि शेवटी घरी बसणे हे त्या वर्षी सर्वांत फायद्याचे ठरले. मला हे न्याय्य वाटत नाही, आणि तेव्हाही वाटले नव्हते. पण मतदार एखाद्या संघाला खाली ढकलायला नवे कारण शोधतात, आणि जो खेळत नाही तो असे कारण देतच नाही.

दुसरे स्थान कोणाला द्यायचे हा मात्र खरा कठीण प्रश्न होता, आणि त्यावर जरा थांबायला हवे, कारण क्रमवारी लावणाऱ्या माणसाचे सगळे काम त्यात दिसते. आठवड्यापूर्वी बीसीएसच्या यादीत चौथा जॉर्जिया, पाचवा कॅन्सस, सहावा व्हर्जिनिया टेक आणि सातवा एलएसयू होता. जॉर्जियाला आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातच जागा मिळाली नव्हती, कारण त्यांच्या विभागातून टेनेसी पुढे गेला होता. कॅन्ससने एकच सामना गमावला होता, पण नियमित हंगामात त्याची गाठ टेक्सासशी पडली नव्हती आणि ओक्लाहोमाशीही नाही. व्हर्जिनिया टेकने बॉस्टन कॉलेजला हरवून आपली कॉन्फरन्स जिंकली होती, पण ८ सप्टेंबरला त्याच व्हर्जिनिया टेकला एलएसयूने ४८–७ असे धुतले होते. ओक्लाहोमाने नुकतेच पहिल्या क्रमांकाला हरवले होते, पण त्याच्या नावावर कोलोरॅडो आणि टेक्सस टेककडून झालेले दोन पराभव होते. एलएसयूचेही दोन पराभव होते, पण दोन्ही तिसऱ्या ओव्हरटाइममधले, आणि त्याने टेनेसीला २१–१४ असे हरवून देशातली सर्वांत कठीण मानली जाणारी कॉन्फरन्स जिंकली होती. हवाईचा संघ तर बारापैकी बारा सामने जिंकून अपराजित होता, पण त्याचे प्रतिस्पर्धी इतके दुबळे मानले गेले की त्याचे नाव या चर्चेत आलेच नाही.

बीसीएसमध्ये प्रशिक्षकांच्या मतांना एक तृतीयांश, हॅरिस पोल नावाच्या मतदानाला एक तृतीयांश आणि सहा संगणकी गुणांकनांना मिळून एक तृतीयांश वजन होते. त्या संगणकांना विजयाचे अंतर वापरायची परवानगी २००२ पासून नव्हती. त्यांच्या दृष्टीने ४८–७ आणि २१–१४ हे सारखेच विजय होते. माझ्या स्वतःच्या तक्त्यातही मी अंतर वगळले होते, आणि त्या रविवारी माझ्या गणितात व्हर्जिनिया टेक एलएसयूच्या वर आला. मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो. गणित चुकीचे नव्हते. दिलेल्या माहितीतून तेच निघत होते. पण दोन संघ प्रत्यक्ष एकमेकांशी खेळले होते आणि त्यातला एक ४१ गुणांनी हरला होता, ही गोष्ट माझ्या पद्धतीत बाकी बारा सामन्यांइतकीच मोजली जात होती, त्याहून जास्त नाही. मतदारांनी ती विसरली नाही. एलएसयू सातव्यावरून दुसरा झाला, ७ जानेवारी २००८ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने ओहायो स्टेटला ३८–२४ असे हरवले, आणि दोन पराभव असूनही बीसीएसचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला संघ ठरला. त्यानंतर मी विजयाचे अंतर मर्यादेत का होईना मोजू लागलो, आणि परस्परांतल्या निकालाला वेगळे स्थान देऊ लागलो.

याच हंगामातला एक निकाल मला आजही खटकतो. मिझुरीने कॅन्ससला समोरासमोर हरवले होते, तरी ऑरेंज बोल या मोठ्या सामन्याचे निमंत्रण कॅन्ससला मिळाले. मिझुरीने कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळून दुसरा पराभव पत्करला होता. कॅन्सस त्या दिवशी घरी होता. एका कॉन्फरन्समधून दोनच संघ घेता येत होते, आणि ओक्लाहोमाची जागा पक्की होती. कॅन्ससने ऑरेंज बोल जिंकून आपली लायकी दाखवली, हे खरे. पण अधिक खेळणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली, हेही तितकेच खरे आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: स्थान हे इतरांच्या निकालांवर ठरते, उशिरा झालेला पराभव लवकर झालेल्यापेक्षा महाग पडतो, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आकड्याच्या मागे उभा असतो, आणि न खेळणे हे कधी कधी सर्वांत सुरक्षित असते.

समिती आल्यावरही यातले फारसे बदलले नाही. २०१४ मध्ये टेक्सस ख्रिश्चन, म्हणजे टीसीयू, शेवटच्या आठवड्याआधी तिसरा होता. त्याने आयोवा स्टेटला ५५–३ असे हरवले आणि तो सहावा झाला. त्याच दिवशी ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ५९–० असे हरवून चौथे स्थान घेतले. सप्टेंबरमधला व्हर्जिनिया टेककडूनचा पराभव तोवर मागे पडला होता, आणि पुढे ओहायो स्टेट विजेताही ठरला. टीसीयूची चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही; त्याच्या कॉन्फरन्सला तेव्हा अंतिम सामनाच नव्हता. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकून कॉन्फरन्स विजेता झाला, तरी क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाल्याने संघ आता पूर्वीइतका बलवान नाही असे मानून समितीने त्याला पाचवे ठेवले आणि चारात घेतले नाही. काय मोजायचे, आजवरची कामगिरी की उद्याची ताकद, हा वाद तिथे उघड्यावर आला. माझे मत विचाराल तर विजेतेपदासाठी निवडताना कामगिरीच मोजावी. ताकदीचा अंदाज हे माझे रोजचे काम आहे, आणि म्हणूनच तो किती वेळा चुकतो हे मला माहीत आहे.

आता आपला तिसरा प्रश्न. नाव सांगता येत नाही. शक्यता सांगता येते. एखादा उत्तम संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता १०० पैकी ९० धरली, तरी बाराच्या बारा सामने जिंकण्याची शक्यता १०० पैकी २८ च राहते. ती ८५ धरली तर १४ वर येते. वरच्या दोन संघांपैकी प्रत्येकाच्या हरण्याची शक्यता कोणत्याही आठवड्यात १०० पैकी २० धरली, तर दोघांपैकी निदान एक हरण्याची शक्यता ३६ होते. म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला शिखरावर हालचाल होणे हे सामान्य आहे, त्यात काही बिघडलेले नाही. दोघेही एकदम हरण्याची शक्यता ४, आणि तेरा आठवड्यांत असे एकदा तरी होण्याची ४१ च्या आसपास. २००७ मध्ये ते तीनदा झाले. हंगाम असाधारण होता, पण अशक्य कोटीतला नव्हता.

म्हणून नोव्हेंबरमध्ये यादी पाहताना मी वरून खाली नावे वाचत नाही. पहिल्या दहांपैकी प्रत्येकासमोर लिहितो की अजून कोणाशी खेळायचे आहे, कुठे खेळायचे आहे, कॉन्फरन्सचा अंतिम सामना आहे का, आणि हरल्यास त्याला कोण ओलांडेल. २००७ मध्ये २५ नोव्हेंबरला अशी यादी केली असती, तर तिसऱ्या ओहायो स्टेटसमोरची जागा रिकामी राहिली असती, आणि त्या रिकाम्या जागेचे मोल मिझुरीच्या पहिल्या क्रमांकापेक्षा जास्त होते. क्वार्टरबॅकच्या दुखापतीची बातमीही याच यादीत लिहून ठेवावी. ओरेगन आणि फ्लोरिडा स्टेट, दोघांच्याही बाबतीत शर्यत तिथेच फिरली.

बारा संघांच्या बाद फेरीमुळे मात्र आपल्याला दिलासा मिळेल अशी एक गोष्ट झाली आहे. ३० नोव्हेंबर २०२४ ला ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३–१० असा हरला. २००७ च्या पद्धतीत तो हंगाम तिथेच संपला असता. समितीने त्याला सहावे ठेवले, कॉन्फरन्स विजेत्यांना वरची मानांकने देण्याच्या त्या वर्षीच्या नियमामुळे तो बाद फेरीत आठव्या मानांकनाने उतरला, आणि मग त्याने टेनेसीला, तोवर अपराजित आणि पहिल्या क्रमांकाच्या ओरेगनला, टेक्ससला आणि शेवटी २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४–२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. ओरेगनने ऑक्टोबरमध्ये याच ओहायो स्टेटला ३२–३१ असे हरवले होते. २०२५ पासून मानांकने सरळ समितीच्या क्रमवारीनुसार दिली जातात, त्यामुळे क्रमांकाला पुन्हा थोडे अधिक वजन आले आहे: पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत खेळावे लागत नाही, आणि पाच ते आठ क्रमांकांना ती फेरी घरच्या मैदानावर मिळते.

त्यामुळे पुढच्या हंगामात रविवारी रात्रीची पत्रकारांची यादी जरूर पाहा, पण मुलाच्या संघाचे खरे भवितव्य नोव्हेंबरपासून मंगळवारी रात्री येणाऱ्या समितीच्या यादीत असते, जी आपल्याला बुधवारी सकाळी मिळेल. तिच्यात चौथा आणि पाचवा, आठवा आणि नववा, आणि आत-बाहेरच्या सीमेवरचे दोन-तीन संघ, एवढ्या जागांवर बोट ठेवा. पहिला क्रमांक कोणाचा आहे, हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.